४६ नंबरची दाढ

प्रिय शुभे,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र आधी बाजूला ठेवशील, आत जाऊन दोन भांडी उगाच आपटशील आणि मग उघडशील. आपटून झाली असतील तर वाच. दीड वर्ष झालं. मधल्या काळात तीनदा लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा ‘तू मला असं बोलायला नको होतंस’ या वाक्याशी येऊन पेन खाली ठेवलं. या वेळी दाढेपासून सुरुवात करते, म्हणजे तिथवर पोचायला जरा वेळ लागेल.

तब्येत बरी. बीपीची गोळी चालू, गुडघा जागच्या जागी, यांची साखर काबूत. तुझं कळव.

तर दाढ. खालची, उजवीकडची, तीच. माईंच्या खोलीत मी गालाला बर्फ लावून बसायचे आणि माई स्वतःचं विसरून मला ‘आज कसं आहे गं’ विचारायच्या, ती. रूट कॅनाल झालं, तीन खेपा झाल्या, शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘महिन्याभरात कॅप बसवून घ्या, हे वरचं सिमेंट तात्पुरतं आहे.’ मी म्हटलं, हो. आणि दुखायचं थांबलं. मग मी कशाला जातेय! पावणेदोन वर्षं गेले नाही.

मागच्या महिन्यात जेवताना कट् असा आवाज झाला. मऊ घास होता. वाटलं खडा आला. काढून पाहिला तर खडा नव्हे, मीच. दाढेची जिभेकडची अख्खी भिंत माझ्या तळहातावर. आणि दुखलं किती? अजिबात नाही. मला त्याचीच धडकी भरली, शुभे. एवढा मोठा तुकडा हातात आणि तोंडात सामसूम. नस काढलेली, ओरडणार कोण? जीभ मात्र रात्रभर त्या खळग्यात जाऊन बसायची आणि परत येऊन सांगायची की फार धारदार आहे.

दुसऱ्या दिवशी गेले. बाईंनी जुना कागद काढला, तारीख वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. थेट आपला शाळेतला मुकादम! गृहपाठाची वही ‘घरी राहिली’ म्हटल्यावर बघायचा तसं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी इतके दिवस समजत होते की कॅप म्हणजे दिसण्यासाठी. मागच्या दाढेकडे कोण बघतंय, मी काय जांभया देत हिंडते? बाईंनी कागदावर दाढ काढून दाखवली. रूट कॅनाल करताना दाढेच्या डोक्यातून भोक पाडून आत शिरतात. माझ्या दाढेत आधीच जुनी चांदी भरलेली. ती काढली, तिच्याखालचं किडलेलं कोरलं, वर हे भोक. उरल्या नुसत्या भिंती, त्याही पातळ. चावताना सगळ्यात जास्त जोर मागच्या दाढांवर, त्यामुळे प्रत्येक घासाला या भिंती इवल्याशा बाहेर फाकतात. कॅप त्यांना चहूबाजूंनी धरून ठेवते, पिंपाला लोखंडी कडं असतं ना, तशी. ती नसली तर एके दिवशी फुटायचंच. तो दिवस केव्हा, एवढंच काय ते दाढेच्या हातात.

चीर मुळात उतरली असती तर दाढ काढावीच लागली असती. माझी हिरडीशी थांबली. ‘नशीबवान आहात’ म्हणाल्या. पण कॅपला पकडायला हिरडीच्या वर सगळीकडून निदान २ मिलिमीटर तरी शाबूत दात लागतो, आणि जिभेच्या बाजूला तेवढा नव्हता. मग तिथली हिरडी जराशी कापून खाली घेतली, ती भरून येईपर्यंत थांबले, आत सिमेंटचा बुंधा उभा केला. म्हणजे वेळेवर गेले असते तर जे दोन खेपांत झालं असतं, त्याला पाच खेपा. हे तू वाचून मान डोलावते आहेस, मला दिसतंय. पुरे.

खरं भय मला त्याच्या पुढच्या गोष्टीचं होतं. कॅप आत मावायला जागा हवी, म्हणून उरलीसुरली दाढही चारी बाजूंनी घासायची! वरून दीड-दोन मिलिमीटर, बाजूंनी थोडं कमी. आधीच अर्धी गेलेली, आणि जी राहिली तीही आपण होऊन घासायला द्यायची. दाताचं ते वरचं पांढरं कवच आपल्या अंगातली सगळ्यात कठीण वस्तू आहे, हाडापेक्षाही. पण ते घडवणाऱ्या पेशी दात बाहेर येतानाच संपतात, त्यामुळे गेलं की गेलं. केस येतात, नखं येतात, मोडलेलं हाड जुळतं. हे नाही. यंत्र फिरायला लागलं तेव्हा पांढरी धूळ पाण्याबरोबर उडत होती आणि मी मनात म्हणत होते, हीच ती मी. लोक दाताच्या कण्या करून कुणाकुणाला समजावतात. माझ्या कण्या अशा नळीतून वाहून गेल्या आणि समजावलं कुणालाच नाही.

आणि तिथेच ते झालं, ज्यासाठी हे पत्र. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर हसतील.

मी आडवी. तोंड उघडं, खालचा ओठ आणि अर्धी जीभ बधिर, नळी सूं सूं करत थुंकी ओढतेय. बाई काम करता करता मदतनीस मुलीला सांगत होत्या, अगदी सहज, माझ्याबद्दलही नव्हे, ‘दुखायचं थांबलं की लोक जातात. मग फुटल्यावर येतात.’

तुझं वाक्य आठव. फोनवरचं. ‘तुझं दुखायचं थांबलं की तू निघतेस.’

दीड वर्ष मी तुला मनात उत्तरं देत होते गं. अंघोळ करताना, बसमध्ये, झोप येत नसली की. एकाहून एक उत्तरं! ‘दहा दिवस तुझ्याकडे राहिले ते कोण?’ ‘माईंना शेवटी पाणी पाजलं ते कोणी?’ काही तर इतकी झणझणीत होती की तू समोर नाहीस याचंच वाईट वाटायचं. आणि त्या खुर्चीत तोंड हे एवढं उघडं, पण एक उत्तर बाहेर पडेना. पडलं असतं तरी ‘प’ आणि ‘ब’ जमत नव्हते, तेव्हा भांडण अर्धंच झालं असतं. डोळ्यांतून पाणी आलं. बाई घाबरल्या, ‘दुखतंय का?’ मी मान हलवली. नस काढलेल्या दाढेसाठी काय सांगणार?

माई गेल्या तेव्हा दहा दिवस राहिले हे खरं. पण निघताना तू दारात म्हणालीस, ‘महिन्याभराने ये, माईंचं कपाट आवरायचंय, मला एकटीला नाही होणार.’ मी म्हटलं, हो. तोच हो, शुभे. त्याच आवाजातला. त्या दहा दिवसांत मी पोटभर रडून घेतलं होतं, घरी येऊन दोन रात्री झोपले आणि मला वाटलं की झालं. तुझं तर तेव्हा कुठे सुरू झालं होतं. तू ते कपाट एकटीने आवरलंस, हे मला वश्याकडून कळलं. त्यानंतर फोनवर तू जे बोललीस, ते बोलायला नको होतंस असं मला आता वाटत नाही. जरा हळू बोलली असतीस तर चाललं असतं, इतकंच.

आणि तू काही धुतल्या तांदळासारखी नाहीस, हेही इथेच लिहून ठेवते. शाळेच्या हस्तलिखिताच्या संपादकपदाला तू मुकादमच्या बहिणीला मत दिलंस, मला नाही. ‘ही शेवटची दोन पानं कधी पुरी करत नाही’ म्हणे! (केली होती. एक केलं होतं.)

आता बाकीचं. दंतवैद्यांकडे आपल्या दातांना नंबर असतात. माझ्या दाढेचा ४६. चार म्हणजे खालचा उजवा भाग, सहा म्हणजे पुढच्या मधल्या रेषेपासून सहावी. ही दाढ साधारण सहाव्या वर्षी येते आणि कुठलाही दुधाचा दात न पाडता मागच्या मागे गुपचूप उगवते, म्हणून घरच्यांना बऱ्याचदा पत्ताच लागत नाही. सहाव्या वर्षी! म्हणजे आपल्याला एका बाकावर बसवलं, त्याच सुमाराला ही येऊन बसली. त्या दिवसापासून तुला शिव्या देताना मी हिचाच आधार घेतलाय.

घासून झाल्यावर हिरडी आणि दाढ यांच्यामधल्या फटीत बारीक दोरा दाबून बसवला, कड नीट दिसावी म्हणून, आणि रबरासारखा लगदा भरलेला साचा तोंडात दाबून माप घेतलं. तो घट्ट होईपर्यंत मी नाकाने श्वास घेत छतावरचे पंखे मोजले. एकच होता. रंग मात्र या सगळ्याच्या आधीच ठरवला होता, कारण तोंड बराच वेळ उघडं राहून दात वाळले की खऱ्यापेक्षा पांढरे दिसतात. एका पट्टीवर १६ दात लावलेले, ए, बी, सी, डी अशा गटांत. खिडकीशी नेऊन एकेक माझ्या दाताशी धरून पाहिला. मला ए-३ मिळाला. गणिताच्या बाईंना कळव, अखेर एकदा ‘ए’ आला.

मग तात्पुरती कॅप. ती कच्च्या सिमेंटवर बसवतात, खरी आली की काढता यावी म्हणून. चौथ्या दिवशी सकाळी चूळ भरताना पडली. खरी कॅप यायला आठवडा होता. दुखत नव्हतं. मी ती डबीत ठेवली आणि म्हटलं, आठवडाच तर राहिलाय, त्या बाजूने नाही चावलं की झालं.

डबी ओट्यावर दुपारपर्यंत पडून होती. मी जाता-येता तिच्याकडे बघत नव्हते. शेवटी चारला पर्स उचलली आणि गेले. बाई म्हणाल्या, लगेच आलात ते बरं केलंत. जागा मोकळी राहिली की शेजारचे दात त्यात झुकतात, समोरची दाढही खाली उतरू पाहते, आणि मग मापाने केलेली कॅपसुद्धा बसत नाही. पाच मिनिटांत चिकटवून दिली. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काय आहे? पण तुला सांगते.

खरी कॅप झिरकोनियाची. ही कशी करतात विचारलं मी (तोंड मोकळं होतं तोवर). खडूसारख्या मऊ ठोकळ्यातून यंत्राने कोरतात, पण मुद्दाम मोठी. मग जवळपास १५०० अंशांच्या भट्टीत घालतात, तिथे ती आटून बरोबर मापाची होते आणि तेव्हाच कडक होते. बसवताना निळा कागद दातांत धरून ‘चावा, घासा’ म्हणाल्या, जिथे जास्त निळं उमटलं तिथे तासलं. चार वेळा. मला तरी काहीतरी उंच लागतच होतं. मी म्हटलं, नस तर नाही, मग मला कळतंय कसं? तर ते दाताच्या आतून कळत नाही म्हणे. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक धागे असतात, दाब तिथे कळतो, आणि ते धागे अजून जिवंत आहेत. केसाएवढी उंचीही त्यांना खपत नाही. मी घरी येऊन बराच वेळ नुसती दात मिटून बसले होते.

कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेखालच्या दाताला लागते. तेव्हा रोज रात्री दोरा घालायचा. घालतेय. पंधरा दिवस झाले.

मीनूचं लग्नाचं काय ठरलं? तुझी नोकरी सुटली असं वश्या म्हणाला, की तू सोडलीस? त्याचं काही खरं नसतं. घराचा रंग झाला का? सगळं सविस्तर लिही, मी जागाच ठेवली नाही तुझ्यासाठी.

मी येत्या महिन्यात येऊ का? कपाट तर आवरून झालंय. तरी येऊ का? नको असेल तर नको म्हण, मी दातओठ खाणार नाही. नव्या कॅपवर ते चालतही नाही.

तुझी,
नंदा

ता. क. तो निळा स्वेटर अजून सुयांवरच आहे. पाठ, पोट, दोन्ही बाह्या झाल्यात, फक्त गळा राहिलाय. माप कळव. जुनं आहे माझ्याकडे, पण तेव्हा तुला एकच हनुवटी होती.