लाट नको, चौथा दिवस लिही

साखळी, गोवा

प्रिय सुहास,

तुझं पत्र पोचलं. गोव्यातल्या पुरावर एका वाहिनीसाठी दोन तासांचा चित्रपट लिहायला घेतोयस, हे वाचून फार आनंद झाला. मात्र शेवट वाचून मी थबकलो. मांडवी नदीचं पाणी पणजीवर चढतं आणि तिच्यावरचा अटल सेतू कोसळतो, असं तुझ्या मनात आहे. तेवढं करू नकोस. टीव्हीसाठी काढलेले आपत्तीपट मी कॉलेजपासून आवडीने बघत आलोय, म्हणून हक्काने सांगतो.

हे चित्रपट फसतात ते बहुतेक एकाच ठिकाणी. पैसा छोट्या पडद्याचा आणि हाव मोठ्या पडद्याची. 2004 साली अमेरिकेच्या एनबीसीवर '10.5' नावाची दोन भागांची मालिका आली होती. त्यात एवढ्या तीव्रतेचा भूकंप होऊन कॅलिफोर्नियाचा तुकडाच तुटतो. आता, भूकंप किती मोठा होणार हे किती लांबीरुंदीचा भ्रंश, म्हणजे खडकातली भेग, सरकतो यावर ठरतं. आजवर मोजलेला सगळ्यात मोठा भूकंप 1960 सालचा, चिलीतला, 9.5 चा. आकडा एकाने वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे बत्तीस पटीने वाढते. कॅलिफोर्नियातल्या सान आंद्रेयास भ्रंशाची तेवढी ताकदच नाही. त्याच वर्षी सीबीएसवर 'कॅटेगरी 6' आला. चक्रीवादळांची तीव्रता सांगणारी 'कॅटेगरी'ची मोजपट्टी पाचवर संपते! माझा राग विज्ञान चुकलं म्हणून नाही. खरा नऊचा भूकंप माणसांचं काय करतो हे दाखवायला बळ लागतं. ते नसलं की आकडा फुगवतात.

दुसरी अडचण जाहिरातींची. दर दहा-पंधरा मिनिटांनी प्रेक्षकाला अडकवून ठेवायचं असतं, म्हणून प्रत्येक तुकड्याच्या शेवटी काहीतरी कोसळतं आणि परत आल्यावर सगळे खोकत उठून उभे राहतात. असं चार-पाच वेळा झालं की भीतीच मरते. ऐकलं न गेलेला शास्त्रज्ञ, त्याची दुरावलेली बायको, हट्टी मंत्री, शेवटच्या क्षणी सापडलेलं कुत्रं, ही मंडळी तुला पाठ आहेतच, त्यांच्यावर शाई घालवत नाही.

पण याच माध्यमाने जे करून दाखवलंय ते सिनेमागृहाला क्वचितच जमलंय. 20 नोव्हेंबर 1983 ला एबीसीवर 'द डे आफ्टर' दाखवला. कॅन्सस राज्यातल्या साध्या गावांवर अणुयुद्ध ओढवतं, एवढीच गोष्ट. सुमारे दहा कोटी लोकांनी तो आपापल्या घरात बसून एकाच रात्री पाहिला. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो आधीच बघितला होता, आणि आपण फार खिन्न झालो, असं डायरीत लिहून ठेवलं. बॉम्ब पडल्यानंतरच्या भागात एकही जाहिरात नव्हती. श्वास घ्यायला जागाच मिळाली नाही, तिथे त्याचं बळ आहे.

आणि 'थ्रेड्स' तर तू बघच. बीबीसीने 1984 मध्ये केलेला, अगदी बेताच्या पैशांत. शहर शेफील्ड. लग्न ठरलेलं एक तरुण जोडपं, भिंतींचा कागद निवडण्यात गुंतलेलं. मागे कुठेतरी रेडिओवर, टीव्हीवर बातम्या चालू आहेत, आणि त्यांच्याकडे कोणाचं धड लक्ष नाही. मग ते लक्ष हळूहळू वळतं, दुकानात रांग लागते, भाव चढतात. स्फोट मोजक्या क्षणांत उरकलाय. खरा चित्रपट त्यानंतर सुरू होतो. नगरपालिकेच्या इमारतीखालच्या तळघरात आपत्ती समितीची माणसं अडकलीयत, अन्न कोणाला द्यायचं यावर एकमेकांवर ओरडतायत. पडद्यावर टाइप केल्यासारख्या कोरड्या ओळी उमटत राहतात, इतके दिवस झाले, इतके आठवडे झाले. गोष्ट थेट तेरा वर्षं पुढे जाते. त्यातली रांग बघताना मला जी धडकी भरली, ती कुठल्याही लाटेने भरली नाही.

आता आपल्याकडे ये. मांडवीचा पूल खरोखर कोसळलाय, जुलै 1986 मध्ये. त्या काळातल्या कोणालाही विचार, तो कोसळण्याचं फारसं सांगणार नाही. फेरीबोटीचं सांगेल. धक्क्यावरची गर्दी, भर पावसातली रांग, बोट चुकली म्हणून हुकलेली कामं. नवा पूल होईपर्यंत वर्षानुवर्षं लोकांनी ते सोसलं. तुझा पूल एका मिनिटात पडेल आणि जाहिरात लागेल. फेरीच्या धक्क्यावर तुला सगळा चित्रपट मिळेल.

तौक्ते चक्रीवादळ आठव. 16 मे 2021 ला ते किनाऱ्यालगतून वर सरकलं. वाऱ्याचा आवाज भयंकर होता खरा, पण आमचे हाल झाले ते पुढे. माड तारांवर आडवे, वीज गेलेली. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळ कोरडा. बाहेर पाऊस आणि घरात पाणी नाही! आमच्या शेजारच्या काकींनी माळ्यावरून जुना राजू, म्हणजे विहिरीचा दोर, काढला, विहिरीवर बसल्या आणि अख्ख्या वाडीला कळश्या ओढून दिल्या. तळहातांना फोड आले तरी दोर सोडला नाही. कोविडचे दिवस, घरोघरी आजारी माणसं. लाइनमन चिखलातून खांद्यावर शिडी घेऊन आले, तेव्हा लोक अंगणात येऊन उभे राहिले. हे चित्रित करायला किती खर्च येईल, सांग बरं?

आमच्या बाजारातला पूरही असाच असतो. वाळवंटी नदी एकदम अंगावर येत नाही. डोंगरात पाऊस, खाली भरती, त्यामुळे पाण्याला पुढे वाट मिळत नाही आणि ते गटारातून मागे फिरतं. दुकानदार एकीकडे माल वरच्या फळीवर चढवतो आणि दर पाच मिनिटांनी पायरीकडे बघतो. कुठली पायरी बुडाली यावरून त्याला पुढचे दोन तास कळतात. कॅमेरा त्या पायरीवर ठेव. पाणी एक पायरी चढायला जेवढा वेळ घेतं तेवढा तू पण घे. वाहिनीवाले घाई करतील, तिथे भांड.

जुलैत चार दिवस काढून ये. बाजारातल्या जुन्या दुकानदारांशी मी बोलून ठेवतो, काकीही भेटतील. येताना पहिला खर्डा घेऊन ये, जसा असेल तसा. पुलाचं पान फाडलेलं असलं तर उत्तम.

तुझा,
विनायक