बालविभागाच्या कपाटाचं कुलूप काढा

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई 400032

विषय : सार्वजनिक ग्रंथालयांत लहान मुलांना पालकांसह प्रवेश, आणि बालविभागातल्या फाटक्या पुस्तकांच्या निर्लेखनाबाबत (म्हणजे ती नोंदवहीतून कमी करण्याबाबत)

महोदय,
सप्रेम नमस्कार.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र लिहिते आहे. मला दोन लेकरं. थोरली सात वर्षांची, धाकटा चार वर्षांचा. मागणी आधी सांगते, कारणं मागून येतील. शासनाचं अनुदान घेणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयात, अजून शाळेचं तोंडही न पाहिलेल्या लेकराला आईबरोबर, बापाबरोबर, आजीबरोबर आत बसता यावं. पुस्तक हातात घेता यावं, घरी नेता यावं. आणि त्यात पुस्तक फाटलं तर त्याचा जाब ग्रंथपालाला द्यावा लागू नये. यातली शेवटची गोष्ट झाल्याशिवाय आधीच्या होणार नाहीत, म्हणून पत्र मंत्र्यांनाच लिहावं लागलं. नाहीतर आमच्या ग्रंथालयाच्या अध्यक्षांना भेटून काम झालं असतं.

आमच्या ग्रंथालयात बालविभाग आहे. आत शिरलं की वर्तमानपत्रांच्या टेबलामागं, भिंतीला लागून काचेचं लोखंडी कपाट आहे आणि त्यावर लाल रंगात ‘बालविभाग’ असं लिहिलंय. खालच्या दोन कप्प्यांत जुने दिवाळी अंक आणि जाड चरित्रं. चित्रांची पुस्तकं सगळ्यात वरच्या कप्प्यात, लेकराच्या डोक्यापेक्षा दोन हात वर. कपाटाला कुलूप, आणि किल्ली ग्रंथपालांच्या टेबलाच्या खणात. धाकट्याला कडेवर घेतलं की त्याला एका पुस्तकाच्या पाठीवर हत्तीची सोंड दिसते. तेवढी सोंड बघून तो म्हणायचा, “आई, त्याला भायेर काढ ना.”

ग्रंथपाल काका माणूस भला. सांगितलं की लगेच उठतात, कुलूप काढतात, पुस्तक देतात. पण आमचं बघून होईस्तोवर शेजारी उभे राहतात. पान उलटताना जरा जोर लागला की त्यांचा हात पुढं येतो. एकदा त्यांनीच मला दाखल नोंदवही उघडून दाखवली. प्रत्येक पुस्तकाला त्यात नंबर, तारीख, किंमत. तपासणीला साहेब येतात तेव्हा नोंदवहीतला नंबर आणि कपाटातलं पुस्तक जुळवून दाखवावं लागतं. मोठ्यांची कादंबरी वीस वर्षं टिकते, तिचा हिशेब लागतो. चार वर्षांच्या पोराच्या हातातलं पुस्तक चार महिन्यांत खिळखिळं होतं. “ते माझ्याच अंगावर येतंय, ताई,” ते म्हणाले. “म्हणून कुलूप लावायलोय. लेकरांवर माझा राग नाही.”

त्यांना मी दोष देणार नाही. 2022 मध्ये राज्य सरकारने ग्रंथालयांच्या अनुदानात 60 टक्के वाढ केली, तिचं स्वागतच आहे. पण त्या वाढीनंतरही ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गातल्या ग्रंथालयाला वर्षाला 48 हजार रुपयेच ठरले. महिन्याला 4 हजार. त्यातच ग्रंथपालाचा पगार, त्यातच वीजबिल, वर्तमानपत्रं, नवी पुस्तकं, बांधणी. ज्या माणसाला महिन्याकाठी मजुरीइतकेही पैसे मिळत नाहीत, त्याने दोनशे रुपयांचं चित्रांचं पुस्तक बिनधास्त चार वर्षांच्या लेकराच्या हातात ठेवावं अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? कुलूप काकांच्या हाताने लागतं, पण लावायला लावते ती हिशेबाची पद्धत.

डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला पहिलाच आहे की ग्रंथ वापरासाठी आहेत. त्यांच्या जन्मदिवशी, 12 ऑगस्टला, आपली सगळी ग्रंथालयं त्यांच्या फोटोला हार घालतात. मग लहान मुलांच्या पुस्तकाचा वापर म्हणजे काय, याचाही विचार व्हायला हवा. वर्षाच्या बाळासाठी वापर म्हणजे कोपरा चावणं. दोन वर्षांच्याला एकच पान दहा वेळा उघडायचं असतं. चार वर्षांचा चित्रावर बोट आपटून विचारतो, “हे कोण? हे काऊन रडायलंय?” यातूनच पुढं वाचणारा माणूस तयार होतो, आणि या सगळ्यात कागद झिजतोच. ज्या बालविभागातली सगळी पुस्तकं दहा वर्षांनीही कोरी करकरीत आहेत, तिथं लेकरू फिरकलेलंच नाही. आणि आज तपासणीत शाबासकी मिळते ती त्याच बालविभागाला.

म्हणून माझी पहिली विनंती अशी. बालविभागातल्या पुस्तकांसाठी निर्लेखनाचा वेगळा नियम करा. दरवर्षी त्या विभागातल्या पुस्तकांचा ठरावीक हिस्सा, माझ्या मते किमान दहावा, ग्रंथपालाला फाटकं मुखपृष्ठ दाखवून नोंदवहीतून कमी करता यावा. ठराव नको, खुलासा नको, वसुली तर मुळीच नको. तपासणीच्या तक्त्यात बालविभागापुढं एक प्रश्न वाढवा : या वर्षी लहान मुलांच्या नावावर किती पुस्तकं घरी गेली? एवढा एक प्रश्न छापून आला तरी राज्यभरातली काचेची कपाटं आपोआप उघडतील. जोडीला बांधणीचा थोडा खर्च मंजूर करा. आमच्या गावात वह्या-रजिस्टरं बांधणारे कारागीर आहेत. पुस्तक आलं त्याच दिवशी त्याला कापडी पाठ लावून घेतली तर ते दुप्पट टिकतं.

दुसरी अडचण जागेची. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी आज ग्रंथालय म्हणजे बहुतेक ठिकाणी अभ्यासिका झाली आहे. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी. खेड्यातली पोरं-पोरी डबा घेऊन येतात, दिवसभर बसतात. कित्येकांच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही, खोलीवर भाडं परवडत नाही. त्यांची खुर्ची काढून घ्या असं मी कधीही म्हणणार नाही. पण तिथं चार वर्षांचं लेकरू मोठ्याने हसलं की सगळ्या माना वळतात. एका मुलाने मला हात जोडून सांगितलं, “ताई, लेकराला जरा भायेर बसवा, पेपर जवळ आलाय.” त्याचं बरोबरच होतं. आणि बाहेर म्हणजे पायरी, पायरीच्या पुढं चपलांचा ढीग आणि उन्हात तापलेल्या मोटारसायकली.

एकाच खोलीत दोघांना बसवून हे सुटणार नाही. वेळ वाटून घेतली तर सुटेल, आणि ती वेळ कोणती याचं उत्तर आमच्या गावांत तयार आहे : आठवडी बाजाराचा दिवस. त्या दिवशी आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया लेकरांना घेऊन गावात येतातच. भाजी विकून होते, किराणा भरून होतो, आणि परतीची जीप भरेपर्यंत तास-दीड तास कुठंतरी सावलीला बसावं लागतं. ग्रंथालयाने बाजाराच्या दिवशी दुपारी दोन तास एक खोली, नाहीतर नुसता व्हरांडा, सतरंजी टाकून लेकरांसाठी ठेवला, तर जी माय ‘वाचनालय आपल्यासाठी नसतं’ असं समजून आयुष्यभर त्या दारावरून गेली, ती पहिल्यांदा आत येईल. तिला वाचता येत नसेल तरी चालेल. चित्र बघून गोष्ट सांगायला अक्षर लागत नाही, आणि गोष्ट सांगण्यात आमच्या बाया कुणाला हार जाणाऱ्या नाहीत. पिण्याचं पाणी आणि वापरता येईल असं स्वच्छतागृह मात्र लागेल. लहान लेकरू घेऊन बाहेर पडलेली बाई आधी तेच बघते, आणि ते नसलं की पुन्हा येत नाही.

महोदय, हे सगळं आजवर का झालं नाही, याचं एक कारण मला खात्यांच्या वाटणीत दिसतं. अंगणवाडीतलं लेकरू महिला व बालविकास खात्याचं. पहिलीत गेलं की ते शालेय शिक्षण खात्याचं होतं. ग्रंथालयं मात्र उच्च व तंत्रशिक्षण खात्याकडे, म्हणजे महाविद्यालयांच्या पंगतीला. त्यामुळे चार वर्षांचं लेकरू ग्रंथालयाच्या दारात उभं राहिलं तर ते कुणाच्याच फायलीत बसत नाही. 2021 मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू झालं, 2026-27 पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरी संपेपर्यंत अर्थ समजून वाचता यावं, हे त्याचं उद्दिष्ट. त्याचे तक्ते शाळेत लागले, गुरुजींची प्रशिक्षणं झाली. पण शाळेपासून हाकेच्या अंतरावरच्या ग्रंथालयाला कुणी विचारलं का, की तुमच्याकडे या वयाची किती पुस्तकं आहेत? तुम्ही तिन्ही खात्यांचं मिळून एक परिपत्रक काढलंत, तर अंगणवाडी ताईंना लेकरांची रांग घेऊन ग्रंथालयात यायला कुणाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही.

मराठवाड्याचं म्हणून थोडं वेगळं सांगायला हवं. दसरा झाला की बीड, परभणी, जालन्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. काही लेकरं मायबापाबरोबर फडावर जातात, काही आजी-आजोबांकडे मागं राहतात. सहा-सहा महिने म्हाताऱ्या माणसांच्या सोबतीने घर धरून बसलेली ही लेकरं. त्यांच्यासाठी संध्याकाळी उघडं असलेलं, गोष्ट सांगणारं एखादं ठिकाण गावात असावं, ही फार मोठी मागणी नाही. ज्या गावात ग्रंथालयच नाही तिथं पुस्तकांची पेटी पाठवा. ही कल्पना माझी नाही. सयाजीराव गायकवाडांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालांना बडोद्याला बोलावलं, आणि त्या संस्थानात मुलांसाठी स्वतंत्र बालग्रंथालय आणि खेडोपाडी पेट्यांतून फिरणारी पुस्तकं, दोन्ही सुरू झाली. शंभर वर्षांपूर्वी बैलगाडीच्या रस्त्यावरून जे पोहोचलं, ते आज एसटीने पोहोचायला काहीच हरकत नाही.

आणि पुस्तकं निवडताना आमच्याकडच्या घरांतल्या बोली लक्षात घ्या. बंजारा तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं. गावातल्या कित्येक घरांत दखनी उर्दू, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीरकडे कन्नड कानावर पडते. अशा लेकराला अक्षरांनी गच्च भरलेलं पुस्तक दिलं तर ते मिटून ठेवतं. पानभर चित्र आणि खाली एक ओळ असलेलं पुस्तक दिलं तर ते आपल्या भाषेत गोष्ट सुरू करतं, आणि त्याच वाटेने मराठीत येतं. आमच्या शेजारची एक चिमुरडी माझ्या मुलीच्या मांडीला मांडी लावून असंच करते. चित्र बघत आपल्या बोलीत सांगत सुटते, आणि मधेच मराठी शब्द सापडला की मुलीकडे बघून तो जोरात म्हणते. 3 ऑक्टोबर 2024 ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आम्हीही पेढे वाटले. त्या दर्जाचा काही अंश या चिमुरडीच्या हातात पडायचा तर तो एका पातळ, चित्रांच्या पुस्तकाच्या रूपानेच पडेल.

आमच्या भागात वाचनालयं शासनाने दिलेली नाहीत. निजामाच्या राजवटीत शिक्षणाची आणि कारभाराची भाषा उर्दू, सभा घ्यायची तरी परवानगी काढावी लागे. त्या दिवसांत गावोगावच्या माणसांनी वर्गणी गोळा करून, कुणाच्या वाड्याच्या ओसरीत, कुणाच्या दुकानाच्या माडीवर मराठी वाचनालयं चालवली. 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं तेव्हा मराठवाड्याला हा वारसा लोकांकडून मिळाला. पुढं 1967 चा ग्रंथालय अधिनियम आला, मान्यता आली, वर्ग आले, अनुदान आलं. ते यायलाच हवं होतं. पण त्यासोबत वाचनालय आपलं आहे ही भावना विरत गेली, आणि नोंदवही तेवढी उरली. लहान लेकरांच्या निमित्ताने गावातली घरं पुन्हा त्या दाराशी जोडता येतील असं मला मनापासून वाटतं. लेकरासाठी माणूस कुठंही जातो.

पैशांचा प्रश्न निघेल म्हणून सांगते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानकडे सार्वजनिक ग्रंथालयांत बालविभाग उभारण्यासाठी अर्थसाहाय्याची योजना आहे. छोट्या ग्रंथालयांपर्यंत तिचा अर्ज पोहोचत नाही, पोहोचला तर भरायला माणूस नसतो. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांनी तालुक्याला एक दिवस बसून हे अर्ज भरून घ्यावेत, इतकाच आदेश आपण द्यावा. सतरंजी, गुडघ्याएवढी उघडी मांडणी आणि शंभरेक पुस्तकं यापलीकडे सुरुवातीला काही लागत नाही. रंगीत खुर्च्या, कार्टूनच्या भिंती, मोठे टीव्ही यांवर मात्र कृपया खर्च करू नका. त्यांची उद्घाटनं होतात, आणि पुस्तकं पुन्हा वरच्या कप्प्यात जातात. ठेकेदाराने ठरवलेला एकच गठ्ठा सगळ्या जिल्ह्याला पाठवण्याची पद्धतही या पुस्तकांपुरती तरी बंद करा. यादी ग्रंथपाल, अंगणवाडी ताई आणि दोन आयांनी बसून करावी.

दरवर्षी 15 ऑक्टोबरला आपण वाचन प्रेरणा दिन साजरा करतो, जिल्ह्याजिल्ह्यात ग्रंथोत्सव भरतात, ग्रंथदिंडी निघते. दिंडीत डोक्यावर पुस्तक घेतलेली लेकरं सगळ्यात पुढं असतात, त्यांचे फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतात. त्याच लेकरांना गावच्या ग्रंथालयात सभासद व्हायचं असेल तर अनामत मागतात. सहा वर्षांखालच्या मुलांना अनामत आणि वर्गणी पूर्ण माफ करा, आणि कार्ड लेकराच्या नावाचं द्या. थोरलीला तिच्या नावाचं कार्ड मिळालं तेव्हा तिने ते शाळेच्या ओळखपत्राच्या पाकिटात, त्याच्याही पुढं घातलं.

जूनमध्ये शाळा-अंगणवाड्या उघडायच्या आत निर्लेखनाचं आणि बाजाराच्या दिवसाचं परिपत्रक निघावं, अशी विनंती आहे. सगळीकडे एकदम जमणार नसेल तर मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत प्रत्येकी एका तालुक्यापासून सुरुवात करा. आमच्या गावात आम्ही काही आया आणि एक निवृत्त गुरुजी बाजाराच्या दिवशी दोन तास बसायला, पुस्तकं वाचून दाखवायला आणि नंतर मोजून जागेवर लावायला तयार आहोत. ग्रंथपाल काकांचीही ना नाही. त्यांना फक्त आपल्या सहीचा कागद हवा आहे.

आपली,
एक आई आणि वाचक,
जि. परभणी