जाड गोळी फांद्या कापत जात नाही

संपादक महाशय, स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या शिकारीवरचा लेख वाचला, चांगला होता, पण त्यात जाड बोअरच्या (रुंद नळीच्या) लिव्हर रायफलची, म्हणजे चापाखालचा दांडा खाली-वर करून पुढचं काडतूस भरायच्या रायफलची गोळी झाडी कापत सरळ जाते असं ठोकून दिलंय ते काही पटलं नाही म्हणून लिहितोय. मी पेन्सिल्व्हेनियात राहतो आणि सेकंडहँड घेतलेली मार्लिन कंपनीची ‘१८९५’ मॉडेलची अशीच रायफल अठरा वर्षं वापरतोय, .४५-७० ची, म्हणजे अमेरिकन लष्कराने १८७३ साली आणलेलं काडतूस, गोळी ४०५ ग्रेनची, जवळपास २६ ग्रॅम शिसं!

शिकारीच्या तिसऱ्या की चौथ्या सीझनला एक नर हरीण चाळीसेक पावलांवर आडवा उभा होता, मध्ये फक्त माउंटन लॉरेलचं झुडूप. मीही तेच ऐकून होतो की ही गोळी फांद्याबिंद्या जुमानत नाही, मग काय, दाबला चाप, आणि तो पांढरी शेपटी वर करून पसार. जाऊन बघतो तर अंगठ्याएवढी फांदी मोडलेली आणि गोळी हातभर बाजूला ओकच्या बुंध्यात. दोन तास रक्त शोधत फिरलो, एक थेंब नाही, नशीब म्हणायचं, जखमी होऊन गेला असता तर मला झोप लागली नसती.

मग ही रायफल ठेवलीय कशाला? तर आखूड आहे, झाडीत अडकत नाही, आणि शंभर यार्डाच्या आत गोळी नीट जागी बसली की हरीण लांब पळत नाही. दोनशे यार्डावर मात्र तीच गोळी दोनेक फूट खाली येते. नळीतल्या मॅगझीनमध्ये काडतुसं एकामागे एक असतात, मागच्याची टोकदार धातूची गोळी पुढच्याच्या कॅपवर (बुडाची ठिणगी पाडणारी टोपी) टेकली तर दणक्याने ते काडतूस उडू शकतं, म्हणून चपट्या तोंडाची घ्यायची. सुरुवातीला हौसेने जोरदार लोडवाली, म्हणजे जास्त ताकदीची काडतुसं आणायचो, खांदा काळानिळा आणि लिव्हरचा स्क्रू ढिला, आता साधीच घेतो. थंडीत ग्लोव्हज घालून घोडा (कॅपवर आपटणारी हातोडी) न उडवता हळूच उतरवणं हे मला अजून जरा भीतीचंच वाटतं, नळी जमिनीकडे धरूनच करतो.

आणि कोकणात रानडुकरांवर हीच चालेल असं जे सुचवलंय, त्यावर काय बोलणार. आमच्या आजोबांची शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती, ती दर निवडणुकीत पोलिस स्टेशनात जमा करायला चालत जायचे. मार्लिनने १८९५ हे नाव पुन्हा काढलं १९७२ ला, आणि आपल्याकडे वन्यजीव कायदा आला तोही त्याच वर्षी, लेखकाने तो वाचलेला दिसत नाही.

बाकी फोटोतले गृहस्थ लिव्हर मारायला रायफल कमरेपाशी आणतायत. खांद्यावरच ठेवून मारायची हो.

आपला एक वाचक, पेन्सिल्व्हेनिया