मधल्या वर्षांची बातमी द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘कर्करोगाचे जनुक सापडले’ अशा मथळ्याच्या बातम्या आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. त्या वाचून एक जनुक बिघडले की कर्करोग झालाच, असा लोकांचा समज होतो. पचनसंस्थेत तरी तसे होत नाही; मध्ये बरीच वर्षे जातात. माझी उमेदीची वर्षे जठर-आतड्याच्या बायॉप्सी तपासण्यात गेली, म्हणून हे लिहावेसे वाटले.

मोठ्या आतड्यातला पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेली गाठ, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की कडेला निरोगी अस्तर दिसते. ग्रंथी गोल, पेशींची केंद्रके तळाशी एका ओळीत. स्लाइड जराशी सरकवली की तीच केंद्रके लांबट, गडद होतात, एकमेकांवर चढू लागतात. हा अ‍ॅडिनोमा. पेशी बदलल्या, पण आपली हद्द ओलांडून खालच्या थरांत शिरलेल्या नाहीत. तोवर हा कर्करोग नव्हे. बहुतेक वेळा इथे एपीसी हे जनुक निकामी झालेले असते. पेशींच्या वाढीला लगाम घालणे हे त्याचे काम. पुढे केआरएएस हे जनुक बदलले की पॉलिपची वाढ जोर धरते, आणि टीपी५३ हे जनुक गेले की डीएनएला इजा झालेल्या पेशीला थांबवणारे किंवा मरायला लावणारे कोणी उरत नाही. फिअरन आणि व्होगेलस्टाइन या अमेरिकी संशोधकांनी १९९० साली ही टप्प्याटप्प्याची मांडणी केली. या प्रवासाला सहसा दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो, आणि बहुतेक पॉलिप शेवटपर्यंत पोचतच नाहीत.

सगळ्या अवयवांत हाच क्रम असतो असे नाही. अन्ननलिकेच्या बॅरेट विकारात (यात तिच्या खालच्या भागात आतड्यासारखे अस्तर येते) टीपी५३ पुष्कळदा आधीच बिघडते. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूमुळे वर्षानुवर्षे दाह राहतो, ग्रंथी झिजतात, तिथे आतड्यासारखे अस्तर येते आणि मग काहींमध्ये डिस्प्लेसिया, म्हणजे पेशींची रचना बिघडते पण त्या खाली शिरलेल्या नसतात. स्वादुपिंडात केआरएएसमधला बदल अगदी सुरुवातीच्या बारीक नलिकांतच सापडतो, पण त्या बदलांचा थांग ना दुर्बिणीला लागतो ना स्कॅनला. या एका अवयवापुढे आम्ही अजून हतबल आहोत, हे लिहिताना वाईट वाटते.

आणखी एक गोष्ट वाचकांना कळायला हवी. मध्यम वयाच्या निरोगी माणसांच्या अन्ननलिकेत नॉच१ जनुक बदललेल्या पेशींचे मोठमोठे पट्टे असतात, असे २०१८ साली दिसून आले. तिथल्या कर्करोगांत हा बदल उलट कमी आढळतो. म्हणजे नुसते उत्परिवर्तन हा आजार नाही.

हे समजावून न सांगितल्याचे परिणाम मी समोर पाहिले आहेत. रिपोर्टमधल्या ‘हाय ग्रेड डिस्प्लेसिया’ (म्हणजे जास्त तीव्र बिघाड) या शब्दांखाली पेनाने रेघ मारून एक मुलगा आईसाठी आला आणि ‘किती दिवस राहिले?’ असे विचारू लागला. तो भाग दुर्बिणीतूनच पूर्ण निघाला होता. दुसऱ्या एका गृहस्थांना मात्र ‘कॅन्सर नाही’ एवढेच सांगण्यात आले. त्यांनी कागद कपाटात ठेवला आणि पुन्हा कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, केलीच नाही. त्यांच्या पुढच्या बायॉप्सीत पेशी खाली शिरलेल्या होत्या. ती स्लाइड पाहून फार राग आला होता, त्यांचा नव्हे, त्यांना अर्धेच सांगितले गेले याचा.

अमेरिकेतल्या मोठ्या पॉलिप-अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध झाले. पॉलिप काढून टाकलेल्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी झाला होता. बातमीत हे यायला हवे. तसेच लिंच सिंड्रोम या आनुवंशिक विकाराबद्दलही लिहा. त्यात डीएनए-दुरुस्तीच्या जनुकाची एक प्रत जन्मतःच सदोष असते, त्यामुळे अ‍ॅडिनोमापासून कर्करोगापर्यंतचा काळ पुष्कळच आखडतो. अशा घरातल्या सख्ख्या नातेवाइकांनी जनुकीय तपासणीबद्दल डॉक्टरांना विचारावे आणि दोष निघाला तर कोलोनोस्कोपी एक-दोन वर्षांनी करत राहावी.

आपला,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट