पाळकाचा मालक कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांत गेले काही आठवडे कामाचे तास आणि कामाचा ताण यांवर बरंच लिहून येतंय. एसटीचे चालक झाले, परिचारिका झाल्या, प्राथमिक शिक्षक झाले. त्या रांगेत मला आणखी एक माणूस उभा करायचाय. बहुतेक वाचक त्याला नोकरदार मानणारच नाहीत. तो म्हणजे चर्चचा पाळक. मी बँकेत जन्म काढला आणि निवृत्तीच्या आधी-नंतर मिळून नऊ वर्षं आमच्या लहानशा बॅप्टिस्ट मंडळीचा, म्हणजे स्थानिक चर्चचा, खजिनदार होतो. त्यामुळे खाली लिहिलंय त्यात ऐकीव थोडं आणि वहीतलं जास्त आहे.

आधी थोडा खुलासा. कोल्हापुरात ख्रिस्ती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे वायल्डर मेमोरियल चर्च येतं, आणि ते बरोबरच आहे. रॉयल वायल्डर १८५२ मध्ये इथे आले, १८७० मध्ये ते काम अमेरिकेच्या प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. या भागातली जुनी चर्चेस, शाळा, दवाखाने बहुतेक त्याच परंपरेतले. आम्ही बॅप्टिस्ट त्या मानाने मूठभर, आणि आमची रीत वेगळी. तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा आम्ही करत नाही. माणूस कळता व्हावा, त्याने स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावा, मग पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा. (आमच्याकडे त्यासाठी व्यासपीठाखाली सिमेंटची टाकी आहे. ती भरायला पहाटे नळाला पाइप लावून बसायचं कामही पाळकांचंच.)

दुसरी गोष्ट या पत्राच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची: आमच्यावर बिशप नाही. १६०९ मध्ये ॲमस्टरडॅमला परागंदा झालेल्या इंग्रजांनी पहिली बॅप्टिस्ट मंडळी काढली, तेव्हापासून प्रत्येक मंडळी आपली आपण मुखत्यार. पाळकाला बोलावणार मंडळी, पगार ठरवणार मंडळी, आणि नकोसा झाला तर सभेत हात वर करून घरी पाठवणार तीही मंडळीच.

ऐकायला किती छान! पण साठ कुटुंबांची मंडळी असेल तर पाळकाला साठ साहेब. मला बँकेत एका वेळी एकच साहेब होता आणि तोही तीन वर्षांनी बदलून जायचा. इथले साहेब बदलत नाहीत. उलट त्यांची पोरं मोठी होऊन तीही साहेब होतात. त्यात निम्मी मंडळी एकमेकांची सोयरी. कुणाच्या तरी साखरपुड्यात मानपान चुकलं की त्याचा राग पुढच्या प्रभुभोजनाला (भाकर आणि द्राक्षरसाचा विधी) दिसतो: दोन बाक रिकामे. मग रविवारी संध्याकाळी पाळकाने स्कूटर काढायची आणि दोन्ही घरांत चहा प्यायचा. ज्या घरी आधी गेला, त्याची बाजू घेतली म्हणून दुसरं घर नाराज.

एक शनिवार मला विसरता येत नाही. रात्री नऊच्या सुमारास मी पगाराचं पाकीट द्यायला गेलो होतो. तारीख होती वीस. दशांश, म्हणजे सभासदांनी मंडळीला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, वेळेवर जमत नाही, देणगीच्या थैलीत दहा-दहाच्या नोटा, आणि वीजबिल मात्र ठरल्या दिवशी येतं. त्यामुळे आम्ही वीजबिल आधी भरायचो. पाळक थांबतात, वीज मंडळ थांबत नाही. चर्चच्या मागच्या दोन खोल्यांत ते राहायचे. स्वयंपाकाच्या ओट्यावरची अर्धी जागा पुसून त्यांनी तिथे पवित्र शास्त्र, वही आणि चष्मा मांडला होता. बाहेरच्या खोलीत मुलीची परीक्षा होती म्हणून हे इकडे. शेजारी कुकरच्या शिट्ट्या. उद्याचा उपदेश बायबलमधल्या, पौलाने लिहिलेल्या गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायावर होता.

मला म्हणाले, "बघा, दुसऱ्या ओळीत आहे, एकमेकांची ओझी वाहा. आणि पाचव्या ओळीत पौल म्हणतोय, ज्याने त्याने आपला भार आपणच वाहावा. आता उद्या यातलं काय सांगू?"

मला आवडला तो प्रश्न. मी खुर्ची ओढून बसलो. पण पुढच्या पाऊण तासात तीन फोन आले. एकाच्या वडिलांना सीपीआर या सरकारी रुग्णालयात नेलं होतं, पाळकांनी लगेच यावं. दुसऱ्याला मुलाच्या पासपोर्टसाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा होता, सोमवारी सकाळी, शिक्क्यासकट. तिसऱ्या बाई विचारत होत्या, उद्याचं विशेष गीत त्यांच्या जावेला कुणी दिलं. पाळकांनी तिघांनाही "हो, बघतो" म्हटलं, वही मिटली आणि सीपीआरला निघाले. बाराला परत आले असं नंतर कळलं.

रविवारी ते व्यासपीठावर उभे राहिले. दुसरी ओळ सांगितली, पाचवी सांगितली, दोन्हींचा मेळही सुरेख घातला. मग पाचवीवरून थेट सातवीवर गेले. मी हातातलं पुस्तक उघडून पाहिलं. मधल्या सहाव्या ओळीत लिहिलंय की, ज्याला वचनाचं शिक्षण मिळतं त्याने शिकवणाऱ्याला आपल्या चांगल्या वस्तूंतला वाटा द्यावा. पगार वीस दिवस उशिरा मिळालेल्या माणसाने ती ओळ वाचली नाही. खजिनदार पहिल्या बाकावर बसला होता ना.

उपासनेनंतर दारात एक जण म्हणाला, "पाळकसाहेब, आज जरा लांबलंच की." रविवारी कोल्हापुरात बारा वाजले की निम्म्या घरांत रस्सा उकळत असतो, हे मीही जाणतो.

उपदेशाच्या कष्टाची कल्पना बाहेरच्याला सहसा येत नाही. कीर्तनकाराला तेच आख्यान गावोगाव चालतं. पाळकाला दर आठवड्याला आख्यान नवं, आणि गाव तेच. वर्षाचे बावन्न रविवार, बुधवारच्या प्रार्थनासभा, शिवाय घरभरणी, वाढदिवस, शोकसभा. शोकसभा सर्वांत अवघड, कारण तिथे तयारीला एक रात्रही नसते आणि समोर बसलेल्या आईला काय बोलावं हे पाळक घडवणाऱ्या कुठल्याच सेमिनरीत शिकवत नाहीत. आता त्यात यूट्यूबची भर. तरुण मुलं कुठल्या तरी मोठ्या शहरातल्या पास्टरांचे व्हिडिओ बघतात. तिथे दिवे, बँड, गालाशी माइक लावलेला सफाईदार माणूस. मग आमच्या पाळकांना लिंक पाठवतात, वर हात जोडलेलं चिन्ह. त्या सफाईदार माणसाला रात्री सीपीआरला यायला सांगा की!

सभेत पगाराचा विषय निघाला की एक युक्तिवाद हमखास येतो: इंग्रज मिशनरी विल्यम केरींनी जोडे शिवून सेवा केली, मग आपले पाळक काही जोडधंदा का करत नाहीत? केरींचं आम्हा बॅप्टिस्टांवर आणि, बहुतेकांना ठाऊक नसतं, मराठीवरही ऋण आहे. त्यांनी श्रीरामपूरला (अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे, कलकत्त्याजवळचं) वैजनाथ पंडितांच्या मदतीने १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण आणि १८१० मध्ये शब्दकोश छापला. इंग्लंडात मोल्टन गावी पाळक असताना ते जोडे शिवायचे, शाळा चालवायचे, हे खरं. पण का? मंडळीचा पगार पुरत नव्हता म्हणून. मंडळीच्या कंजुषीला आपण त्यांचा सद्गुण करून टाकलंय. आणि केरींची उरलेली गोष्ट सभेत कुणी सांगत नाही. ते १७९३ मध्ये बंगालात उतरले, वर्षभरात लहानगा मुलगा गेला, पत्नीचं मन कायमचं बिघडलं, आणि कृष्ण पाल या पहिल्या बंगाली माणसाचा बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरात. सात वर्षं. आमच्या मंडळीत एखाद्या पाळकाच्या वहीत दोन वर्षं बाप्तिस्म्याची नोंद झाली नाही तर तिसऱ्या वर्षी सभा बसते.

दुसरं उदाहरण स्पर्जन यांचं. लंडनचे, एकोणिसाव्या शतकातले बॅप्टिस्टांचे सर्वांत गाजलेले उपदेशक. १९ ऑक्टोबर १८५६ ला त्यांच्या सभेत कुणीतरी आग लागल्याची खोटी ओरड केली, चेंगराचेंगरी झाली आणि सात माणसं मेली. स्पर्जन तेव्हा बावीस वर्षांचे होते. नैराश्याने त्यांना पुढे आयुष्यभर गाठलं, आणि ते त्यांनी लपवलं नाही, आपल्या विद्यार्थ्यांपुढे मोकळेपणाने बोलले. आमच्या पाळकाने व्यासपीठावरून "मला झोप लागत नाही" एवढं म्हणून बघावं. "विश्वास कमी पडतोय" असा निकाल दारापर्यंत पोचायच्या आत लागेल.

पाळकबाईंबद्दल लिहायला घेतलं तर दुसरं पत्र होईल. पगार एकाचा, कामाला दोघं, आणि पेटी वाजवता येत नाही म्हणून बोलणी खायची ती तिसरीच गोष्ट.

एकच बाजू मांडतोय असं कुणाला वाटू नये. आमच्या रचनेत वर कुणी नसतो याचा फायदा घेणारे पाळकही मी पाहिलेत. आयता उपदेश नेटवरून उतरवून वाचणारे, हिशेबाची वही घरी नेणारे, आपल्यानंतर मुलालाच खुर्ची मिळावी म्हणून दहा वर्षं आधीपासून मतं जमवणारे. तिथे डिकन मंडळींनी, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांनी, तोंड उघडायला हवं, ते उघडत नाहीत. कष्टाळू पाळकाला छळायला मात्र सगळ्यांना कंठ फुटतो.

माझ्या मते खरी गोम घरात आहे. पाळकाचं घर चर्चचं. पंचवीस-तीस वर्षं त्या दोन खोल्यांत संसार करायचा आणि निवृत्तीच्या दिवशी किल्ली टेबलावर ठेवायची. ना भविष्य निर्वाह निधी, ना पेन्शन. आमचे पाळक पन्नाशीत गृहकर्ज मागायला एका बँकेत गेले. तिथे पगारपत्रक मागितलं. मी ते चर्चच्या लेटरहेडवर टाइप करून, सही-शिक्का मारून दिलं. समोरच्या अधिकाऱ्याने दोनदा वाचलं आणि विचारलं, "यांचा मालक कोण?" पाळक हसले आणि त्यांनी बोट वर केलं. कर्ज अर्थातच मिळालं नाही.

मी तेव्हा हसलो होतो. आता वाटतं, त्या अधिकाऱ्याचा प्रश्न चुकीचा नव्हता आणि उत्तर आम्ही द्यायला हवं होतं. ज्या मंडळीवर बिशप नाही तिथे मालक आम्ही सभासदच. पगार एक तारखेला, आठवड्यातला एक दिवस फोन बंद ठेवण्याची मुभा, दरमहा थोडी रक्कम त्यांच्या नावाने निवृत्तीसाठी बाजूला: साठ घरांना हे जड नाही. वह्या माझ्याकडे होत्या, म्हणून छातीठोक सांगतो. गेल्या नाताळात आम्ही मंडपावर आणि जेवणावर जेवढं उडवलं, त्यात यातलं बरंच बसलं असतं.

येत्या रविवारी उपासनेनंतर आमची वार्षिक सभा आहे. विषयपत्रिका भिंतीवर लागलीय. पहिला विषय पंख्यांची दुरुस्ती, दुसरा कंपाउंडचा रंग, आणि सातवा, 'आयत्या वेळच्या विषयां'च्या वर, पाळकांची रजा व निवृत्ती निधी. मी सेक्रेटरींना फोन करून क्रम बदलायला सांगितलाय. ते म्हणाले, "बघतो."

आपला,
एक माजी खजिनदार, कोल्हापूर