शनिवारी भट्टीवर पाहुणे येतील

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा गप्प झाले असते आणि आईने विषय जेवणावर नेला असता, म्हणून लिहिते. येत्या मोसमात मार्चपासून दर शनिवारी सकाळी आठ माणसं आपल्या काजूच्या दारूच्या भट्टीवर एकदा गाळलेल्या हुर्राकची आणि दोनदा गाळलेल्या फेणीची चव घ्यायला येतील. मी होकार कळवलाय, अबकारीकडे कागदही दिलेत.

हे नुसत्या पैशासाठी नाही. माणशी जे मिळेल त्यात भट्टी रोजच्याऐवजी दिवसाआड पेटवली तरी मोसम सुटतो आणि बाबांच्या छातीत जाणारा धूर निम्मा होतो. आई, देवघराच्या हाकेवर परकी माणसं पिणार, हे तुला रुचणार नाही. ती कुळागराच्या, आपल्या पोफळीच्या बागेच्या, वाटेने येतील, त्याच वाटेने जातील. तुळशीकडे कुणी फिरकणार नाही. कुणी नाक मुरडलंच तर सांग, 2016 साली गोवा सरकारनेच फेणीला वारसा पेय म्हटलंय. अकराला सगळं आटपेल. बाबांची आरामखुर्ची सोप्यावरच राहील, दुपारची झोप मोडणार नाही, न्हाणीघर तुमच्या दोघांचंच.

बाबा, दाखवायचं ते सकाळी साडेआठलाच. उन्हं चढली की निरो, म्हणजे बोंडांचा ताजा गोड रस, फसफसतो आणि तो गोडवा जातो. शाळेत जायच्या आधी तुम्ही मला वाटीभर द्यायचात, तसाच ताजा, गाळून, प्रत्येकाला 100 मिली. झाडावरचे बोंडू, काजूची फळं, तोडून दाखवू नका, आपण गळलेलेच घेतो हे त्यांना कळू दे. बी पिळून काढताना कुणाला हात लावू देऊ नका. टरफलातलं तेल कातडीला लागलं की फोड येतात, आणि बी कोळंबीत, बोंडू तुडवायच्या कुंडात, चिरडली तर रसही बिघडतो. कोळंबीत उतरायचा हट्ट धरतील. तिथे पाय घसरतो, नाही म्हणायचं.

आंबवण आदल्या बुधवारचं ठेवा. तिसऱ्या दिवशी बुडबुडे बसले की ते भाणात, भट्टीवरच्या हंड्यात, जायला हवं. एक दिवस जास्त राहिलं तर आंबूस वास थेट धारेत उतरतो, मग कितीही मुरवा, जात नाही. भाण तीन चतुर्थांशच भरा. वर जागा नसली तर फेस नळीत चढतो आणि घागरीत गढूळ पाणी येतं. सांध्याला रोयणीची, वारुळाची, माती नीट लिंपली आहे ना, ते गड्याला दोनदा बघायला लावा. तिथून निसटलेली वाफ जाळापाशी पेट घेते, म्हणून पाहुणे दहा पावलं लांब आणि सिगारेट कुळागराबाहेर. जाळ मंदच. घाई केली की तळ करपतो आणि जळका वास जिभेवर बसतो. पहिली धार नेहमीसारखी बाजूला काढायची.

चवीचा क्रम बदलू नका. आधी निरो, मग हुर्राक 30 मिली, मग यंदाची फेणी 15 आणि गेल्या वर्षीची 15. हुर्राक साधारण 15 टक्के, फेणी 42.8, म्हणजे एवढं मिळून 30 मिलीच्या दीड पेगाहूनही कमी. लहान काचेचे ग्लास मी आणते. पहिला घोट बर्फाशिवाय, नाक ग्लासात खुपसायचं नाही, तोंड किंचित उघडं ठेवून वास घ्यायचा, नाहीतर नुसता झणका बसतो. मग पाण्याचे चार थेंब घातले की बोंडूचा वास मोकळा होतो. तळहातावर दोन थेंब चोळून हुंगायला लावा. करपलेली, आंबलेली किंवा भेसळीची फेणी तिथेच पकडता येते, आणि ही परीक्षा तुमच्याइतकी छान कुणी शिकवत नाही. लिम्का, मीठ, मिरची घातलेली हुर्राक अगदी शेवटी. बरोबर आलेल्या चालकांना कोकमाचं सरबत.

आता ऐकायचं. बाबा, 'आणखी एक घ्या' अजिबात म्हणायचं नाही. भट्टीपाशी बसायचं नाही, खुर्ची वाऱ्याच्या बाजूला, पंप खिशात. कितीही हुरूप आला तरी फुंकणी गड्याच्या हातात. रागावू नका. पाहुण्यांना तुमचं बोलणं हवं, तुमचा खोकला मला नको. आई, रांधायचं काही नाही. उकडलेले शेंगदाणे, साधा पाव, पाणी. तुझं लोणचं फार चांगलं आहे, म्हणूनच ठेवू नकोस, त्यानंतर जिभेला दुसरं काही कळणार नाही. विकायच्या बाटल्या काचेच्याच, प्लास्टिकचा वास फेणी लगेच धरते.

शुक्रवारी संध्याकाळच्या बसने येते. तांब्याचं भाण घासायला चिंच भिजत घालून ठेवा, पण ते उचलायला मी येईपर्यंत थांबा.

तुमची,
बाय