आधी भोंगा, मग सभामंडप

महोदय,
बाजारगाव (डिसेंबर २०२३), धामणा (जून २०२४), जवाहरनगर (जानेवारी २०२५) : तिन्ही ठिकाणी स्फोटके बनवणाऱ्या कारखान्यांत स्फोट झाले. स्फोट झाला की आठवडाभर पुढाऱ्यांच्या गाड्या येतात, मदतीचा आकडा जाहीर होतो आणि पऱ्हाटीच्या वेचणीपर्यंत सारे विसरतात.

आमच्या शिवेलाही स्फोटकांचा कारखाना आहे. मागे कंपनीचे साहेब ग्रामसभेत आले. गावाने मागितले काय? सभामंडप, टँकर, पोरांना वह्या. साहेबांनी हसत हो म्हटले, स्वस्तात सुटले. धोक्याचा इशारा देणारा भोंगा कुणीच मागितला नाही, मीसुद्धा नाही. पुतणी तिथेच कामाला जाते, बोललो तर तिचा रोज बुडेल ही भीती.

खरे तर ही मागायची गोष्टच नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने कायदा दुरुस्त झाला आणि धोका काय, अपघात झाल्यास काय करायचे, हे परिसरातल्या लोकांना सांगणे कारखान्यावर बंधनकारक झाले. १९९६ च्या रासायनिक अपघातांविषयीच्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा संकट गटही नेमला. आम्हाला मात्र कुणी काही सांगितल्याचे आठवत नाही. आणि हा खर्च सीएसआरच्या, म्हणजे कंपनीने नफ्यातून समाजकामाला द्यायच्या, दोन टक्क्यांत दाखवू देऊ नका, तो धंद्याचाच खर्च आहे.

पुढची बोलणी तहसीलदारांसमोर, लेखी व्हावी : भोंगा कधी, रुग्णवाहिका कुठे उभी राहणार, गावाबाहेर पडायला दुसरा रस्ता कोण बांधणार. सध्याचा एकमेव रस्ता कारखान्याच्या फाटकासमोरूनच जातो.

— एक शेतकरी वाचक, जि. नागपूर